मशीन उठेल तेव्हा विचारेल

देवा, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात दोन माणसं बोलली. एक खोटं बोलला आणि दुसरा घाबरून बोलला. खोटं बोलणाऱ्याला मी तिथंच उत्तर दिलं. घाबरलेल्याला उत्तर द्यायला मला आंबागडला जावं लागलं. ते काम झालं. म्हणून लिहायला बसले आहे.

खोटं बोलला तो तुझा वर्गमित्र, आता आपल्या मोहाडीत मास्तर आहे. म्हणाला, "देवानंद मातीतला माणूस. धानाच्या चिखलात उभं राहून त्याला हे कम्प्युटरचं शास्त्र सुचलं." लोकांनी माना हलवल्या. मी उठले. म्हटलं, "गुरुजी, देवा धानाच्या बांधीत उतरला की रोवणाऱ्या बाया त्याले हाकलून देत. रोवताना मागं मागं सरकाचं असते. हा समोर जाये अन् लावलेलं सारं तुडवून ठेवे. मातीनं त्याले काही शिकवलं नाही. त्यानं केलं ते डोक्यानं केलं." लोक हसले. मास्तरही हसला. भन्ते तेवढे गंभीर बसले होते, पण त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला. तुझ्या नावाच्या कार्यक्रमात लोक हसले याचं मला बरं वाटलं. रडायला माणसं घरी येतच होती.

दुसरे बोलले ते कम्प्युटर शिकवणाऱ्या तुमच्या संस्थेचे सचिव. ते उभे राहिले आणि चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तालुक्या-तालुक्यातल्या आमच्या साऱ्या कम्प्युटरच्या खोल्या देवानंदच्या भरवशावर होत्या. आता ते नाहीत. हे किती दिवस चालेल, मला माहीत नाही. आंबागडला नवी खोली उघडायची आहे. मशिनी नव्या कंपनीच्या आहेत, देवानंदनं त्या डोळ्यानं पाहिलेल्या नाहीत. तिथं चाललं तर ठीक. नाही चाललं तर सगळ्याच खोल्या नागपूरच्या कंपनीला द्याव्या लागतील. मग देवानंदनं केलेलं काढून टाकतील आणि त्यांचं बसवतील."

  त्यांचं ऐकताना आठवलं, हेच तू दवाखान्यात मला बोलला होतास.

"वैनी, मी नसताना चाललं तर मी काही बनवलं असं होईल. मी नसताना बंद पडलं तर इतके वर्ष मी नुसती हमाली केली."

"हमालीत काय वाईट हाय? तुझा बाप तुमसरच्या राइस मिलीत पोते वाहत होता. त्याच्यावरच तू शिकला."

"तसं नाही म्हणून राहिलो मी."

"मंग कसं म्हणून राहिला?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, नेहमीसारखा वाद टाळतो आहेस. तू झोपला होतास.

म्हणजे तो वाद तिथंच राहिला.

मोहाडीत अजून निम्म्या लोकांना वाटतं की तू कम्प्युटर दुरुस्त करत होतास. मी त्यांना सांगून थकले. दुरुस्त करणारे वेगळे. नवी मशीन खोक्यातून निघते तेव्हा आतून रिकामी असते, नुसतं भांडं. त्यात मराठी अक्षरं घालायची, टायपिंगचा प्रोग्राम घालायचा, हिशेबाचा घालायचा, परीक्षेचा घालायचा, आणि दर काही महिन्यांनी जुना काढून नवा घालायचा. एक मशीन असेल तर कोणीही करेल. खोलीत ओळीनं मशिनी असतील आणि अशा खोल्या सगळ्या तालुक्यांत असतील तर माणूस वेडा होतो. तू होत आला होतास.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिकडच्या खोल्या दुसऱ्यांकडे गेल्या. मला वाटलं, चला, तेवढी धावाधाव वाचली. पण भंडारा, तुमसर, लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर तुझ्या गळ्यात राहिलंच. पुण्याची नोकरी सोडून, आईच्या आजारपणाला म्हणून आलास, आई गेली आणि तू इथंच राहिलास. खांद्याला सीड्यांची पिशवी आणि एसटी. मशीनपुढे बसायचं, सीडी घालायची, वाट पाहायची, मग शेजारच्या मशीनपुढे सरकायचं. एक प्रोग्राम दुसरा असल्याशिवाय बसत नाही, म्हणून क्रम चुकला की परत पहिल्यापासून. पवनीचं संपवून घरी यावं तर तुमसरहून फोन, सर, अर्ध्या मशिनींत जुनं हाय अन् अर्ध्यांत नवं, पोरं भांडून राहिले. तुझी कंबर तेव्हाच गेली. मी म्हटलं, "पंगतीत वाढणारा बी इतका वाकत नाही. दुसरं काही काम पाहा." तू भातात वरण कालवत म्हणालास, "काम हेच करणार. पण आता मी जाणार नाही. इथं टेबलावर बसून साऱ्या मशिनी भरणार."

मी हसले. तुझा दादाही हसला, आणि तो सहसा हसत नाही.

तू टेबल समोरच्या खोलीत खिडकीशी लावलंस. माझी धान्याची कोठी तिथून हलवलीस, विचारलं नाहीस. त्यावरून आपलं चांगलं भांडण झालं. पण टेबल तिथंच राहिलं.

त्या टेबलावर तू काय करत होतास ते मला कळायला लागलं ते तुझ्याच त्रासामुळे. मी चौथी शिकलेली. वाचते, पण बोट ठेवून. तू मला हाक मारायचास, "वैनी, हे वाच." पडद्यावर लिहिलं होतं, 'स्थापना प्रक्रिया अपूर्ण.' मी वाचलं.

"काय समजलं?"

"कोणीतरी मेलं असं वाटते."

"मेलं नाही. काम अर्धं झालं हाय."

"मंग तसं लिही ना बापा. अन् पुढं काय करू तेही लिही. बसू का जाऊ?"

तू कपाळाला हात लावलास आणि बदललंस. 'काम चालू आहे. मशीन बंद केली तरी चालेल.' मी म्हटलं, हे बरं. तू म्हणालास, "वैनी, हे वाक्य लिहाले सोपं हाय. खरं कराले लई दिवस लागतील." आणि लागले. मशीन मधेच बंद केली तरी चालावी, म्हणजे नवं पूर्ण आल्याशिवाय आणि ते नीट आहे हे तपासल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. असं तू मला चहा पिता पिता सांगायचास. मी म्हणायचे, त्यात काय मोठं. तू चिडायचास. तुला चिडवायला मजा यायची.

आणि एक तू माझ्या नावाचा उद्योग करून ठेवलास, तो मी अजून माफ केलेला नाही. मोहाडीहून प्रत्येक मशीनला वेगळं पाठवायचं तर टेलिफोनची तार इतकी मंद की पुढची दिवाळी येईल. म्हणून तू प्रत्येक खोलीत एक मशीन कोपऱ्यात ठेवलीस. मोहाडीहून फक्त तिला पाठवायचं, आणि खोलीतल्या बाकीच्यांना ती वाटेल. तिला तू नाव दिलंस, वैनी. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वर चिकटवलंस. मला पत्ता नाही. एक दिवस साकोलीची मंगला घरी आली. साकोलीची खोली तीच सांभाळायची. चहा पिता पिता तुला सांगते, "सर, आमची वैनी कालपासून गरम होऊन राहिली. आवाज बी लई करते. पंखा लावून दिला तिले."

मी स्वयंपाकघरातून आले. "कोण गरम होऊन राहिली?"

मंगलाच्या हातातला चहा सांडला. तू खिडकीबाहेर पाहत बसलास.

"काहून रे देवा? मशीनले माझं नाव काहून?"

"बाहेरून आलेलं सारं पहिले तुझ्याच हातात येते ना वैनी. मंग तूच वाटतेस. अन् एकाले दोनदा घेऊ देत नाही."

"अन् आवाज बी करते, ते राहिलं."

"ते मी नाही म्हटलं. ते मंगला म्हणाली."

त्यानंतर जिल्हाभर सुरू झालं. वैनी बंद आहे, वैनीला विचार, वैनीचं पोट भरलं. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर दोन पोरी बोलत होत्या, वैनीला आज लाथ मारली तेव्हा उठली. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

पण खरी फजिती खंडेनवमीची. ती लिहिल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

तुझं यंत्र तेव्हा असं होतं. तू टेबलावरून हुकूम सोडायचा आणि साऱ्या मशिनींनी तो एकाच वेळी घ्यायचा. सुटीचा दिवस हवा होता, पोरं मशीनवर नसतील असा. तू दसऱ्याचा आदला दिवस निवडलास. सचिवांना सांगितलंस की नवा परीक्षेचा प्रोग्राम सकाळी सगळीकडे बसेल, तुम्ही भंडाऱ्याच्या कार्यालयात बसून पाहा. त्यांनी चार मोठी माणसं बोलावली, चिवडा मागवला.

आपल्या घरात धम्म घेतल्यापासून दसरा म्हणजे नागपूर. मी पहाटेपासून वाटेच्या चपात्या लाटत होते, जवसाची चटणी बांधत होते. तू हुकूम सोडलास. पडद्यावर एकेका मशीनपुढे खूण यायची होती. सगळीकडे लाल फुल्या. तुमसर लाल, लाखनी लाल, पवनी लाल. तू म्हणालास तार तुटली. टेबलाखाली शिरून वायरी हलवल्यास. मग साकोलीला फोन लावलास आणि आवाज मोठा ठेवलास, म्हणून मीही ऐकला.

"मंगला, मशिनी बंद काहून हायत?"

"सर, आज हार घातला हाय त्याईले. काल धुऊन पुसून ठेवल्या."

"हार ठीक हाय. चालू कर."

"आज नाही चालू करत कोणी सर. आज आराम हाय त्याईले. शिपाईकाकानं प्लग बी काढून ठेवले, चुकून कोणी बटण दाबीन म्हणून."

"आज काय हाय?"

"खंडेनवमी ना सर!"

तू फोन हातात धरून बसलास. सगळ्या जिल्ह्यात लोहारानं हातोडा ठेवला होता, शिंप्यानं मशीन ठेवली होती, ट्रॅक्टरला झेंडूचे हार होते. वर्षातून एक दिवस अवजाराला विश्रांती असते, त्याला हात लावत नाहीत. शाळेतल्या पोरालाही हे माहीत. आपल्या घरी खंडेनवमी सुटून इतकी वर्षं झाली की तू साफ विसरलास, आणि साऱ्या वर्षातून नेमका तोच दिवस काढलास. पवनीत तर कोणी नारळाचं पाणी शिंपडलं होतं, ते आत गेलं, ती मशीन पुढं कायमचीच आराम करत राहिली.

मला इतकं हसू आलं की मी लाटणं बाजूला ठेवलं. तू ओरडलास, "हसू नको वैनी!" मग सचिवांचा फोन आला. ते हसत नव्हते. त्यांच्या पाहुण्यांनी चिवडा खाऊन घर गाठलं होतं. ते म्हणाले, दिवाळीनंतर शाळा उघडेपर्यंत सगळीकडे बसलं नाही तर हा खेळ बंद.

दुसऱ्या दिवशी आपण नागपूरला. दीक्षाभूमीवर ती गर्दी. तू पिशवी धरून रांगेत थांबलेला, तोंड उतरलेलं. मी तुला म्हटलं, पुढं सरक. तू सरकला नाहीस. माणसांकडे पाहत होतास. कोणी ट्रकमधून उतरत होतं, कोणी रेल्वेनं आलं होतं, कोणी आदल्या दिवसापासून येऊन झोपलं होतं. तू म्हणालास, "वैनी, याईले कोणी हुकूम सोडला का, इतक्या वाजता या म्हणून?"

"कायले सोडाचा? ज्याले जसं जमलं तसा तो येते. पुढं सरक."

"येते, पाहिजे ते घेते, अन् जाते."

"देवा, मागचे शिव्या देऊन राहिले."

हे तुला तिथंच सुचलं असं मी म्हणत नाही. तू पुस्तकं वाचायचास, पुण्याच्या मित्रांशी तासन्‌तास बोलायचास, कुठंतरी आधी डोक्यात असेलच. पण मोठ्यानं पहिल्यांदा बोललास ते तिथं, माझ्यापुढं, आणि मागची एक बाई तुला कोपर मारत असताना.

परत आल्यावर तू सगळं उलटं केलंस. हुकूम बंद. मशीन जेव्हा उठेल तेव्हा तीच आपल्या खोलीतल्या वैनीला विचारेल, माझ्याकडं काय असायला पाहिजे आणि काय नाही? जे कमी असेल ते घेईल. झोपलेली असेल तर झोपू दे. हार घातलेला असेल तर असू दे. कधीतरी उठेलच, आणि उठली की विचारेल. तू टेबलावर फक्त लिहून ठेवायचं, कोणत्या खोलीत काय असावं. पाठवायचं नाही. मी म्हटलं, "म्हणजे तू काहीच करणार नाही." तू म्हणालास, "बरोबर!" आणि इतका खूश झालास की जेवताना दोनदा भात मागितलास.

दिवाळीनंतर खोल्या उघडल्या त्या काही एका दिवशी उघडल्या नाहीत. आपला जिल्हा कधी एका दिवशी काही करत नाही. तुमसरची पहिली उघडली. लाखनीला वीज नव्हती, ती मागून. लाखांदूरच्या बाईंच्या घरी लग्न होतं, त्या किल्ली घेऊनच गेल्या, तिथं सगळ्यांत शेवटी. तू टेबलाजवळ नुसता फिरत होतास. एकेक खोली उठली, आणि लाल फुली जाऊन हिरवी खूण आली. कोणाला फोन नाही, कोणाची एसटी नाही. लाखांदूर हिरवं झालं तेव्हा तू घरात नव्हतास, दाढी करायला गेला होतास. मीच पाहिलं. धावत न्हाव्याकडे गेले, या वयात. अर्ध्या दाढीनं तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "लाखांदूर." तू तसाच उठून नाचलास. न्हावी म्हणाला, लॉटरी लागली का जी?

त्या दिवशी आपला खरा वाद सुरू झाला. सचिवांनी लाखांदूरच्या बाईंना फोन करून विचारलं होतं, मोहाडीहून कोण आलं होतं? बाई म्हणाल्या, कोणीच नाही, आम्ही मशीन लावली आणि सगळं होतंच. हे तू मला दहा वेळा सांगितलंस. कोणीच नाही आलं! मला नाही आवडलं. मी म्हटलं, "याच्यात खुशी कशाची? आधी तू जात होता तर लोक चहा देत होते, देवानंदसर आले म्हणत होते. आता मशिनी भरल्या तरी तुझं नाव कोणी घेणार नाही. माणसानं दिसलं पाहिजे."

"चांगलं काम तेच वैनी, ज्याच्यासाठी माणूस बोलवा लागत नाही."

"मंग माणूस कायले पाहिजे?"

"ते काम बनवाले."

"अन् बनवून झाल्यावर?"

"झाल्यावर दुसरं."

मला हे उत्तर तेव्हाही पटलं नाही. हा वाद आपण कैक वर्षं चालवला. भाजी निवडताना, बसमध्ये, तुझ्या तापात, माझ्या गुडघेदुखीत. लग्नाचा विषय काढला की तू उठून जायचास, पण हा विषय काढला की जवळ येऊन बसायचास. या घरात मी सून म्हणून आले तेव्हा तू नाक पुसत फिरणारा पोरगा होतास. माझं घरात सगळे ऐकून घेत. सासू ऐकून घ्यायची, तुझा दादा अजूनही ऐकून घेतो. ऐकून घेणं म्हणजे वाद नाही. माझ्याशी बरोबरीनं भांडणारा तू एकटा. मी शाळा चौथीत सोडली, ती तुझ्याशी वाद घालताना मला परत मिळाली असं समज. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तू, "तब्येत बरी हाय ना वैनी?" असं विचारलं असतंस.

तर आता आंबागड.

तू गेल्यावर तुझं टेबल मंगलानं घेतलं. रोज साकोलीहून येते. पहिल्या दिवशी खुर्चीत बसली आणि रडली. मी म्हटलं, रडायचं असेल तर आत येऊन रड, टेबलावर पाणी नको. मग ती कामाला लागली. आंबागडसाठी कोपऱ्यातली मशीन तिनं भरली, तुझ्याशिवाय भरलेली पहिली. नव्या कंपनीच्या मशिनींचं तिला भयंकर दडपण. "सर म्हणत होते, मशीन उठली की पहिले आपण कोण ते सांगते, अन् तिच्या जातीप्रमाणे तिले मिळते. पण ही जात सरांनी पाहिलीच नाही ना आजी." मी म्हटलं, त्याला विचारायची सोय आता नाही. मंगला, जे आहे त्यात ही नवी जात लिही आणि चल.

गाडीत मीही बसले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

किल्ल्याच्या खालचं गाव तू पाहिलेलं आहेस. ग्रामपंचायतीच्या मागं नवी खोली, चुन्याचा वास. बचत गटाच्या बाया शिकायला यायच्या होत्या, काही जंगलातून लाकूड टाकून थेट आल्या होत्या. सचिव आले. गावातली माणसं खिडकीत. मंगलानं तारा जोडल्या आणि बायांनाच सांगितलं, "आपापल्या मशीनचं बटण दाबा." दाबली. पडदे काळे राहिले. मग त्यावर अक्षरं यायला लागली आणि एक पट्टी हळूहळू भरायला लागली. मंगलाचे ओठ हलत होते. सगळ्या मशिनी विचारत होत्या, कोपऱ्यातली वाटत होती.

पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली.

 पंखे थांबले. सचिवांनी श्वास सोडला, "गेलं." खिडकीतला एक माणूस म्हणाला, "आता नागपूरहूनच माणूस बोलवा जी, मधात तुटलं की मशीन खराब होते."  मला मंगलाचे हात दिसत होते, मुठी वळलेल्या. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. बायांनी आपसात पानतंबाखू काढली. मला पहिल्यांदा तुझा राग आला, देवा. की तू तिथं नव्हतास. की तुझ्यामागं हे अर्ध्यावर मेलं तर मी घरी येऊन त्या टेबलाकडे कशी पाहणार होते.

लाइट आली तेव्हा कोणी ओरडलं नाही. मंगला हळूच म्हणाली, "बाया हो, परत दाबा." दाबली. पडदे उजळले. आणि पट्टी पहिल्यापासून नाही सुरू झाली. होती तिथून पुढं सरकायला लागली. एकीची, मग दुसरीची, मग ओळीनं साऱ्यांची. कोणाचं काही तुटलं नव्हतं. जे कमी होतं तेवढंच त्यांनी मागितलं आणि तेवढंच घेतलं. चहा आला तोवर प्रत्येक पडद्यावर मराठी अक्षरं होती. सचिव चहाचा कप हातात धरून एकेका मशीनपुढं उभे राहिले, शेवटपर्यंत गेले आणि परत आले. मग मंगलाला म्हणाले, "कंपनीला मी नकार कळवतो."  मंगला तिथंच खाली बसली.

माझ्याजवळच्या मशीनवर एक बाई होती. हाताला मोहाच्या सालीचे डाग, डोक्यावर पदर घट्ट. तिनं मला विचारलं, "बाई, हे सारं कोण भरून गेलं?"

तू असतास तर म्हणाला असतास, कोणी नाही. मी तसं म्हटलं नाही.

"माह्या दिरानं."

तिनं खोलीभर नजर फिरवली. "कुठं हाय तो?"

"मेला. मागल्या महिन्यात."

"मेला?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मंग आज हे भरलं कोणं?"

"त्यानंच."

 तिनं मान हलवली, जसं गावात कोणी कामाच्या माणसाची गोष्ट सांगितली की हलवतात तशी, आणि मशीनकडे वळून एक एक बटण शोधत आपलं नाव लिहायला लागली.